कूलर बंद करून ऐकायची रेकॉर्ड

मे महिन्यात नागपुरात रात्री आठ वाजता कूलर बंद करायचा तर आधी घरातल्यांची मनधरणी करावी लागते. दुपारी पारा पंचेचाळिसाच्या वर जाऊन आलेला असतो, गच्चीवर पाणी शिंपडलं तरी फरशी पायाला चटका देते आणि भिंती दिवसभर पोटात घेतलेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत परत करत बसतात. तरी आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास कूलर बंद होतो. खिडकीतलं ते घरघरणारं पत्र्याचं धूड थांबलं की पहिली दोन मिनिटं कान नुसते रिकामे वाटतात. मग गल्लीतून गेलेली स्कूटर, शेजारच्या टाकीत पडणारं पाणी, कूलरच्या गवतातून टपकणारे उरलेसुरले थेंब असं एकेक ऐकू यायला लागतं. थेंब ऐकू आले की मी सुई टेकवतो.

रेकॉर्ड जॅझची, नाव ‘अंडरकरंट’. पियानोवर बिल इव्हान्स, गिटारवर जिम हॉल, साल १९६२. ड्रम नाहीत, खर्जाच्या तारांचा बास नाही, तिसरं माणूसच नाही. मुखपृष्ठावर काळापांढरा फोटो आहे: पांढऱ्या झग्यातली एक बाई पाण्यावर तरंगते आहे आणि आपण तिला पाण्याखालून बघतो आहोत. टोनी फ्रिसेल या छायाचित्रकार बाईंनी तो १९४७ साली फ्लोरिडातल्या एका झऱ्यात काढला होता. आतलं संगीतही तसंच आहे. वर शांत, खाली ओढ. ही ओढ कूलरच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

ही रेकॉर्ड माझ्याकडे पहिल्यांदा आली ती कॅसेट होऊन. मामा रेल्वेत होता, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा, आणि ड्यूटीने किंवा पासावर मुंबईला सारखं जाणंयेणं असायचं. तिथे त्याच्या एका मित्राकडे एलपींचा मोठा साठा होता. मामा कोऱ्या कॅसेट घेऊन जायचा आणि भरून आणायचा. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. ‘अंडरकरंट’ची एलपी दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाहून जराशीच मोठी. मध्ये तबकडी उलटवेपर्यंत टेप थांबवून ठेवायची, मग परत सुरू करायची, असं करत मामाने ती कॅसेटच्या एकाच बाजूला बसवली होती. पण शेवटचं ‘डार्न दॅट ड्रीम’ संपायच्या आतच टेप संपायची. पियानो काहीतरी म्हणत असायचा आणि खट्! बटण वर. मी तेव्हा कॉलेजात होतो. तो खट् मला त्या संगीताचाच भाग वाटायचा. पुढे काही आहे हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

बिल इव्हान्स म्हणजे चष्मा लावलेला, मान खाली घालून पियानोवर जवळजवळ नाक टेकवून बसणारा माणूस. जन्म १६ ऑगस्ट १९२९, न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डचा. १५ सप्टेंबर १९८० ला गेला, वय ५१. १९५९ मध्ये ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वर एक गाणं सोडून सगळीकडे पियानो त्याचाच आहे. पुष्कळांची त्याच्याशी ओळख तिथेच होते. मग लोक त्याच्या त्रिकुटाकडे वळतात, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम. २५ जून १९६१ च्या रविवारी न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हँगार्ड’ या तळघरातल्या क्लबात दुपारपासून रात्रीपर्यंत जे वाजलं, त्यातून ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हँगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या दोन रेकॉर्ड निघाल्या. बासवर स्कॉट लाफारो होता. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर इव्हान्सने कित्येक महिने पियानोला जवळजवळ हातच लावला नाही.

‘अंडरकरंट’ त्याच्या पुढच्या वर्षीची, एप्रिल-मे १९६२ मधली. हे कळल्यावर ती रेकॉर्ड मला वेगळीच ऐकू यायला लागली. ज्या माणसाचा बासवाला गेला आहे, तो बासशिवाय वाजवायला बसला आहे. आणि इव्हान्सच्या डाव्या हाताची सवय अशी, की कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरांच्या जुडग्याचा, मूळ स्वर तो पुष्कळदा वाजवायचाच नाही. ती जागा बासवाल्याची म्हणून सोडून द्यायची. आता बासवालाच नाही. मग ती रिकामी जागा कधी जिम हॉल गिटारच्या जाड तारांवर भरतो, कधी कोणीच भरत नाही आणि आपला कान आपोआप तिथे सूर धरतो. हे एकदा जाणवलं की दर वेळी जाणवतं.

पियानो आणि गिटार ही जोडी मुळात अवघड. दोन्ही वाद्यांवर कॉर्ड वाजतात. एका गायकामागे दोन पेट्या बसवल्यासारखं आहे हे. दोघांनी एकदम हात टाकला की नुसती गर्दी. म्हणून या रेकॉर्डवर सतत कोणीतरी बाजूला होत असतं. हॉलने कॉर्ड धरली की इव्हान्स डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा उजव्या हाताने एकच ओळ वाजवतो. इव्हान्स भरून वाजवायला लागला की हॉल एकेका तारेवर येतो. आणि कोणी कधी बाजूला व्हायचं हे आधी ठरलेलं वाटत नाही.

माझा एक मित्र नागपुरातच, महाल भागात तबला शिकवतो. जॅझ म्हटलं की तो मान हलवायचा. “याला सम कुठाय बे?” हे त्याचं कायमचं. एका रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही घरी आलो आणि मी काही न बोलता पहिलंच ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ लावलं. हे गाणं सगळे संथ, हळवं करून वाजवतात. हे दोघं मात्र पळवतात. मित्राची बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप चालू झाली. मध्ये इव्हान्स सुटतो आणि हॉल त्याच्यामागे गिटार नुसती छेडत राहतो, प्रत्येक मात्रेला एक, खाली बसलेल्या आवाजात. “हा ठेका देऊन राहिला ना!” मित्र म्हणाला. मग गप्प. बोटं चालूच. थोड्या वेळाने, “आठ... आठ... आठ... अन् हे काय?” त्याने मला पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून मोजलं. “शेवटचा तुकडा बाराचा आहे. छत्तीस होऊन राहिले.”

बरोबर होतं. चार मात्रांचा एक बार धरला तर हे गाणं छत्तीस बारांचं. तीन तुकडे आठ-आठ बारांचे आणि चौथा बारा बारांचा, चार बारांची शेपटी जोडलेला. म्हणजे एकशे चव्वेचाळीस मात्रांचं आवर्तन. ते संपलं की पुन्हा पहिल्यावर यायचं. मला ही गोष्ट वाचून माहीत होती. त्याने ती खुर्चीच्या लाकडावर शोधून काढली. तिसऱ्यांदा ऐकताना छत्तीस संपून दोघं पहिल्यावर आले तेव्हा त्याने बैठकीत देतात तशी मान दिली, आणि पुढे ‘स्केटिंग इन सेंट्रल पार्क’ लागल्यावर पहिल्या चार बारांतच म्हणाला, “हा तर आपला दादराच.” जॉन लुइसची रचना आहे ती, १९५९ च्या एका चित्रपटासाठी केलेली, आणि त्या चित्रपटाच्या संगीतात हे दोघंही वाजवायला होते. तीन-तीनच्या झोक्यात घसरत जाते. त्या दिवसानंतर त्याने सम कुठाय असं विचारलेलं नाही. आता विचारतो, “या दोघांचं अजून काय आहे?”

आहे. एकच. १९६६ ची ‘इंटरमॉड्युलेशन’. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी पार्सलची गोष्ट सांगावी लागेल.

एप्रिलअखेर होती. आम्ही सगळे कामावर, आणि ज्याने पार्सल आणलं त्याने ते फाटकाच्या आत, उन्हात, तसंच टेकवून ठेवलं. संध्याकाळी मी खोकं उचललं तेव्हा ते चपातीच्या तव्यासारखं तापलेलं होतं. आतली तबकडी एका कडेला वर उचलली गेली होती, वडाच्या वाळलेल्या पानासारखी. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे दर १.८ सेकंदाला तो उंचवटा सुईखाली येणार. सुई होडीसारखी वर जायची, खाली यायची, आणि तिच्याबरोबर पियानोचा सूर हलायचा. पियानोवर मींड निघत नाही. सूर एकदा उमटला की उमटला. पण माझ्या त्या रेकॉर्डवर इव्हान्सच्या प्रत्येक लांब सुराला मींड होती. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

खिडकीच्या दोन जाड काचांमध्ये ती तबकडी ठेवली, वर वीस-बावीस वर्षांचे दिवाळी अंक रचले आणि पलंगाखाली सरकवून दिली. घाई करायची नाही हे जुन्या माणसांकडून ऐकलं होतं. जुलै उजाडला, पाऊस स्थिरावला, मग काढली. कड पूर्ण बसली नव्हती, अजूनही बसलेली नाही, पण सूर हलत नाही. नागपुरात रेकॉर्ड जमवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, मार्च ते जून काही मागवू नका. मागवलंच तर घरी थांबा. पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका आणि रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून पण तिरप्या होऊ न देता. धुळीचं वेगळं सांगायला नको. मऊ ब्रशने दर वेळी पुसायची, कंटाळा न करता.

‘इंटरमॉड्युलेशन’ ही ‘अंडरकरंट’पेक्षा निवांत आहे. पहिल्या रेकॉर्डवर दोघं एकमेकांना अजमावत आहेत असं वाटतं, इथे चार वर्षांनी भेटलेले जुने मित्र बोलत आहेत. पळापळ कमी. मी ती एका रचनेसाठी पुन्हा पुन्हा काढतो, ‘टर्न आउट द स्टार्स’. फेब्रुवारी १९६६ मध्ये इव्हान्सचे वडील गेले. त्याच महिन्यात न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याने वडिलांच्या स्मरणार्थ एकट्याने एक लांब तुकडा वाजवला आणि त्यात ही रचना होती. काही आठवड्यांनी तीच त्याने हॉलबरोबर वाजवली. दोन्ही ऐका. टाउन हॉलमध्ये माणूस एकटा आहे. इथे शेजारी कोणीतरी बसलं आहे आणि फारसं बोलत नाही. आपल्याकडे कोणाकडे भेटायला गेलं की असंच बसतात.

आईची गोष्ट सांगायची राहिली. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तरुणपणी धनवटे रंगमंदिरात तिने पुष्कळ नाटकं पाहिली. वसंतराव देशपांडे याच शहरात वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, ही गोष्ट ती आजही घरच्या माणसाविषयी बोलावी तशी सांगते. तिला इंग्रजी गाणी आवडत नाहीत आणि मी कधी आग्रहही केला नाही. एका दुपारी मी ‘द टोनी बेनेट बिल इव्हान्स अल्बम’ लावला होता. जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात झालेलं ध्वनिमुद्रण, एक गायक, एक पियानो, बस्स. आई वाटाणे सोलत होती. दोन गाणी झाली. तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाली, “हा पेटीवाला फार चांगला आहे रे. गाणाऱ्याला श्वास घेऊ देते.”

पियानोला ती पेटी म्हणाली आणि मला तो माणूस नव्याने कळला. पेटीवाल्या गोविंदराव पटवर्धनांची साथ ऐकलेला कान होता तो. गायक ओळीच्या शेवटी थांबतो, तिथे साथीदाराला दोन गोष्टी करता येतात: त्याची ओळ उचलून पुढे न्यायची, किंवा त्या थांबण्याला फक्त खाली उशी द्यायची. इव्हान्स दुसरं जास्त करतो. आणि जेव्हा पहिलं करतो तेव्हा बेनेट परत येईपर्यंत बरोबर तिथे आणून सोडतो जिथून त्याला सहज उचलता येईल. ‘सम अदर टाइम’ ऐका. दोनच कॉर्ड झोपाळ्यासारख्या येत-जात राहतात आणि त्यावर आवाज. याच दोन कॉर्डवर इव्हान्सने १९५८ च्या डिसेंबरात ‘पीस पीस’ नावाची एकट्याची रचना वाजवली होती. डावा हात जवळजवळ शेवटपर्यंत तेच वाजवतो आणि उजवा मोकळा फिरतो. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला मी नेहमी तिथून सुरुवात करायला सांगतो, कारण तानपुरा कुठे आहे हे त्याला सांगावं लागत नाही.

बेनेटबरोबरचा दुसरा अल्बम ‘टुगेदर अगेन’, १९७६ च्या सप्टेंबरातला. चांगला आहे. पण मी आईला पहिलाच लावतो.

बाकीच्या जोड्या भराभर सांगतो. एडी गोमेझ हा बासवाला अकरा वर्षं इव्हान्सबरोबर होता. दोघांच्याच दोन रेकॉर्ड आहेत, १९७४ ची ‘इन्ट्युइशन’ आणि १९७५ च्या महोत्सवातली ‘माँत्रू थ्री’. इव्हान्स यात इलेक्ट्रिक पियानोही वाजवतो, आणि मला तो आवाज त्याच्या हाताला शोभत नाही असं अजूनही वाटतं. ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ’ या १९६३ च्या रेकॉर्डवर तो स्वतःशीच जुगलबंदी करतो, एकावर एक तीन पियानो. तिला ग्रॅमी मिळालं. मी ती वर्षातून एकदा ऐकतो, कारण तिथे बाजूला होणारं कोणी नाही. १९५९ ची ‘द आयव्हरी हंटर्स’ बहुतेकांना माहीत नसते. बॉब ब्रुकमायर हा ट्रॉम्बोनवाला, पण तिथे तोही पियानोला बसला आहे. दोन पियानो, मागे बास आणि ड्रम. डाव्या-उजव्या स्पीकरमधून दोघांना ओळखायचा खेळ मी आणि मित्र अजून खेळतो. आणि २०१६ मध्ये निघालेली ‘सम अदर टाइम’ हा दोन तबकड्यांचा संच. जर्मनीत १९६८ च्या जूनमध्ये मुद्रित होऊन जवळपास अर्धं शतक पडून राहिलेलं संगीत, ज्यात मध्येमध्ये ड्रमवाला जॅक डिजॉनेट थांबतो आणि इव्हान्स-गोमेझ दोघंच उरतात. मुंबईचं ऱ्हिदम हाउस त्याच वर्षी बंद झालं, नाहीतर मी तो तिथूनच आणला असता.

पूर्वी कोणी विचारलं की मी बारा-पंधरा रेकॉर्डची यादी लिहून द्यायचो, सालांसकट. धरमपेठेतल्या एका मित्राच्या फ्रिजवर ती यादी चार वर्षं चुंबकाने लटकलेली पाहिली. त्यातलं त्याने काहीही ऐकलं नव्हतं. दोष त्याचा नव्हता. आता मी आधी विचारतो, तू काय ऐकतोस? आणि एकच रेकॉर्ड देतो. तबलेवाल्याला ‘माय फनी व्हॅलेंटाइन’, ख्यालवाल्याला ‘पीस पीस’, नाट्यसंगीताच्या माणसाला बेनेट. आणि वेळही सांगतो. पुण्यात शिकणाऱ्या भाचीला मी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ दिलं आणि म्हटलं, रात्री अकरानंतर ऐक, दिवे मालवून. डेबी ही इव्हान्सची पुतणी होती, एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “मामा, मध्ये पेल्यांचा आवाज येतो. लोक बोलतात. एक बाई हसते.” मी म्हटलं, क्लब होता तो, रविवार होता, लोक जेवायला-प्यायला आले होते. मग मी तिला लाफारोचं सांगितलं, अकरा दिवसांचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे त्या हसणाऱ्या बाईला काहीच माहीत नव्हतं.” मी ती रेकॉर्ड इतकी वर्षं ऐकतो आहे, मला त्या बाईचा कधी विचार आला नव्हता. आता येतो.

मामा निवृत्त होऊन वर्ध्याला राहतो. गेल्या मे महिन्यात लग्नासाठी आला होता. जेवणं झाली, पंगत उठली, पाहुणे गच्चीवर झोपायला गेले. आम्ही दोघं पुढच्या खोलीत. मी काही म्हणायच्या आत मामा उठला आणि त्याने कूलरचं बटण बंद केलं. “लाव,” म्हणाला.

मी ‘अंडरकरंट’ लावली. एलपी, पस्तिशीत मिळाली होती मला. मामाने मुखपृष्ठ मांडीवर घेतलं. त्याने ते चित्र मुंबईत एकदाच पाहिलं होतं. पहिली बाजू झाली, मी उलटवली. शर्ट पाठीला चिकटले होते. ‘रोमेन’ झालं, ‘स्केटिंग’ झालं. ‘डार्न दॅट ड्रीम’ लागल्यावर मामा थोडा पुढे सरकून बसला. शेवटाकडे आल्यावर मला ती जागा कळली, जिथे टेप संपायची ती. मी मामाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात वर आला होता, कॅसेट काढून उलटवायला निघाल्यासारखा, आणि हवेतच थांबला.

पियानो वाजतच होता.

“अजून आहे?” मामा म्हणाला.

“आहे,” मी म्हटलं. “अर्धा मिनिट.”

त्याने हात हळूच खाली घेतला.